एक इंच खाली : मोटारीच्या पुढच्या चाकांच्या कोनांचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/
१९६५ सालच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात ‘शेल्बी अमेरिकन’ या छोट्या कंपनीच्या आवारात पांढऱ्या रंगाच्या नव्याकोऱ्या फोर्ड मस्टँग गाड्या येऊन उभ्या राहत. तेथील कारागीर प्रत्येक गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचे वरचे आर्म सोडवीत, ते ज्या छिद्रांत बसवलेले असत त्यांच्या एक इंच खाली नवी छिद्रे पाडीत आणि तेच आर्म नव्या जागी पुन्हा बसवीत. या कामाला वेगळा आर्म किंवा वेगळी स्प्रिंग लागत नसे. पण या एका इंचाने गाडीचे वळणावरचे वागणे बदलून जाई.

ते का बदलत असे, हे समजून घ्यायचे तर घोडागाडीच्या काळापर्यंत मागे जावे लागते. हा थ्रेड त्या प्रवासाविषयी आहे.

२/
आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. मोटार कितीही जड असली तरी तिचा रस्त्याशी संबंध फक्त चार ठिकाणी येतो. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो. वळणे, थांबणे, वेग घेणे ही सारी कामे त्या चार तळहातांवरच चालतात.

चाक सरळ उभे असेल तर हा भाग पूर्ण टेकतो. ते कलले की टायरची एक कड दाबली जाते आणि दुसरी हलकी होते. पकड घटते, शिवाय टायर एका बाजूने झिजतो. चाकाच्या कोनांचा सगळा इतिहास म्हणजे हा टेकलेला भाग रस्त्यावर नीट राखण्याची खटपट आहे.

३/
कोन मुख्यतः तीन. गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला दिसतो, तो ‘कॅम्बर’. माथा बाहेर असेल तर कॅम्बर धन, आत असेल तर ऋण.

बाजूने पाहिले असता चाक ज्या आसाभोवती वळते तो आस मागे रेललेला असतो, तो ‘कॅस्टर’. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो, तसाच हा प्रकार. यामुळे स्टीअरिंग सोडल्यावर चाके आपोआप सरळ होऊ पाहतात.

वरून पाहिले असता दोन्ही पुढच्या चाकांची पुढची टोके किंचित जवळ किंवा दूर असतात, तो ‘टो’. चालताना अनवाणी पावले आत वळवावीत किंवा बाहेर फेकावीत, तसे.

४/
यापैकी एकही कोन मोटारीबरोबर जन्मला नाही. घोडागाडीचा पुढचा अख्खा आस मध्यभागी एका खिळ्याभोवती फिरे. वळताना एक चाक गाडीच्या पोटाखाली येई, गाडीचा पाया अरुंद होई आणि ती उलटण्याची भीती वाढे.

अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील डॉक्टर इरॅस्मस डार्विन यांनी यावर उपाय सुचवला होता. उत्क्रांतीवाद मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचे हे आजोबा. आस जागेवर स्थिर ठेवावा आणि त्याच्या टोकांवरील चाके तेवढी वेगवेगळी वळवावीत, ही त्यांची कल्पना.

५/
पुढे १८१७ च्या सुमारास म्युनिकमधील गाडीकारागीर गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी हीच रचना प्रत्यक्षात आणली. त्यांचे लंडनमधील प्रतिनिधी रुडॉल्फ अ‍ॅकरमान यांनी १८१८ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असा प्रकार घडला. आजही या रचनेला ‘अ‍ॅकरमान’ रचनाच म्हणतात.

तिचे मर्म असे : वळताना आतल्या चाकाची वाट लहान वर्तुळाची आणि बाहेरच्याची मोठ्या वर्तुळाची असते, म्हणून आतले चाक अधिक वळले पाहिजे. दोन्ही सारखीच वळली तर त्यांपैकी एक घासत फरफटेल. पुढची दोन चाके एकमेकांच्या नात्याने ठरवावी लागतात, हा या इतिहासातील पहिला धडा.

६/
कॅम्बरही लाकडी चाकांच्या काळातला. युरोपातील गाड्यांची चाके उथळ बशीसारखी, म्हणजे आरे तुंब्याकडून बाहेर झुकलेले, अशी बनवत. आसाची टोके किंचित खाली वाकवली की चाकाचा माथा बाहेर कले आणि भार पेलणारा खालचा आरा बरोबर उभा येई.

सुरुवातीच्या मोटारींनी हा धन कॅम्बर तसाच उचलला, कारण त्याचे आणखी एक काम होते. चाकाच्या तळाचा टेकलेला भाग किंगपिनच्या रेषेजवळ आला की स्टीअरिंग हलके पडे. मात्र बाहेर कललेले चाक बाहेरच्या दिशेने घरंगळू पाहते. ते रोखण्यासाठी चाकांची पुढची टोके किंचित आत वळवत. टो-इनचा उगम असा एका उपायावरच्या दुसऱ्या उपायात आहे.

७/
विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक नवे दुखणे उद्भवले. १९२३ पासून अमेरिकेत कमी हवेचे, फुगीर ‘बलून’ टायर आले. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले आणि वेग वाढले. ठराविक वेगाला पुढची चाके डावी-उजवीकडे थरथरू लागत आणि स्टीअरिंग हातात नाचे. याला ‘शिमी’ म्हणत.

कारण भोवऱ्यासारखे होते. फिरता भोवरा कलला की पडत नाही, आडव्या दिशेने घुमतो. पुढचा आस एकसंध असल्याने एक चाक खड्ड्यात गेले की दोन्ही चाके कलत, आणि फिरते चाक कलले की ते आपोआप वळू पाही. चाके कलण्याचे आणि वळण्याचे हे चक्र एकदा सुरू झाले की थांबत नसे.

८/
या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यांत मॉरिस ओली हे नाव ठळक आहे. रोल्स-रॉइसमध्ये घडलेले हे ब्रिटिश अभियंते १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आले. जोवर दोन्ही चाके एका दांड्याने बांधलेली आहेत, तोवर मऊ स्प्रिंग आणि स्थिर स्टीअरिंग एकत्र नांदणार नाहीत, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

१९३४ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने पुढची चाके स्वतंत्र केली. कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल यांना वर-खाली दोन आर्मची ‘विशबोन’ रचना मिळाली. शेव्हरले आणि पॉन्टिअ‍ॅकला फ्रेंच संशोधक आंद्रे द्युबोने यांची निराळी रचना मिळाली. काळाच्या कसोटीवर विशबोन टिकली.

९/
विशबोन रचनेत चाक वर एका आणि खाली एका आर्मने धरलेले असते. आर्मचे आतले टोक गाडीला आणि बाहेरचे टोक चाकाला जोडलेले. चाक वर-खाली होताना दोन्ही बाहेरची टोके आपापले वर्तुळखंड रेखतात. वरचे टोक आत आले आणि खालचे तेथेच राहिले, तर चाकाचा माथा आत कलतो.

म्हणजे आर्म किती लांबीचे आहेत आणि ते कोणत्या कोनात बसवले आहेत, यावर चालत्या गाडीत चाक कसे कलेल हे ठरते. गाडी उभी असताना मोजलेला कॅम्बर ही केवळ सुरुवात असते. त्यापुढे चाक ज्या वाटेने कलत जाते ती वाट आर्मच्या भूमितीत लिहिलेली असते.

१०/
ही वाट ठरवताना मोठ्या कंपन्यांपुढे केवळ पकडीचा विचार नव्हता. गाडी बहुतांश वेळ सरळ धावते. चाक वर-खाली होताना खूप कलले तर टायर झिजतो आणि गाडी रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर भटकते. शिवाय सामान्य चालकासाठी एक सुरक्षिततेचा हिशेबही होता.

वेगात वळताना पुढच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडी रुंद वळते. घाबरलेला चालक पाय काढतो आणि गाडी सावरते. मागची पकड आधी सुटली तर गाडी गिरकी घेते. पहिल्या स्वभावाला ‘अंडरस्टीअर’ आणि दुसऱ्याला ‘ओव्हरस्टीअर’ म्हणतात. या विषयाचा शास्त्रीय पाया घालणाऱ्यांतही ओली होते. कुटुंबाच्या गाडीला अंडरस्टीअर बरा, हे मत अमेरिकेत पक्के झाले आणि पुढची भूमिती त्या बेताने आखली जाऊ लागली.

११/
अशाच एका कौटुंबिक गाडीपासून मस्टँग जन्मली. १९६० च्या मॉडेलची फोर्ड फाल्कन ही स्वस्त, हलकी, सहा सिलिंडरची गाडी. तिचाच सांगाडा आणि सस्पेन्शन घेऊन, वर देखणी बॉडी चढवून फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी मस्टँग बाजारात आणली. मूळ किंमत २,३६८ डॉलर. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.

तिच्या पुढच्या बाजूला वर एक छोटा त्रिकोणी आर्म, खाली एक साधा आर्म आणि त्याला पुढून ओढून धरणारा दांडा असे. स्प्रिंग खालच्या आर्मवर न ठेवता वरच्या आर्मवर ठेवलेली असे. फाल्कनच्या हलक्या इंजिनाला हे साजेसे होते. मस्टँगमध्ये मात्र आठ सिलिंडरचे वजनदार व्ही-८ इंजिनही बसू लागले.

१२/
या गाडीचे अलाइनमेंट कसे करत, तेही पाहण्याजोगे आहे. वरच्या आर्मचा आस गाडीच्या सांगाड्याला दोन बोल्टांनी जोडलेला असे. आस आणि सांगाडा यांच्यामध्ये ‘शिम’ म्हणजे पातळ लोखंडी चकत्या घालत. दोन्ही बोल्टांवर सारख्या चकत्या वाढवल्या किंवा काढल्या की कॅम्बर बदले. पुढच्या आणि मागच्या बोल्टावर कमी-जास्त ठेवल्या की कॅस्टर बदले. टो मात्र स्टीअरिंगच्या दांड्यांची लांबी फिरवून बसवत.

१९६७ च्या मॉडेलपासून चकत्यांऐवजी खालच्या आर्मच्या बोल्टावर विकेंद्री चकती आली. ती फिरवली की आर्म आत-बाहेर सरके. पण चकत्या असोत वा विकेंद्री बोल्ट, त्यांनी चाकाची उभी अवस्था तेवढी बदलत असे. चाक कलण्याची वाट फारशी बदलत नसे.

१३/
आता कॅरोल शेल्बी यांच्याकडे येऊ. टेक्सासचे शेल्बी एके काळी कोंबड्या पाळत. पुढे ते शर्यतीत उतरले आणि १९५९ साली रॉय साल्वाडोरी यांच्या साथीने अ‍ॅस्टन मार्टिन चालवून त्यांनी फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. हृदयविकारामुळे १९६० साली त्यांना शर्यती सोडाव्या लागल्या. मग त्यांनी एका हलक्या ब्रिटिश गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून ‘कोब्रा’ ही गाडी घडवली.

मस्टँग विकली जात होती, पण जाणकार तिला दिखाऊ म्हणत. तिला शर्यतीच्या मैदानावर मान मिळावा, अशी फोर्डची इच्छा होती. ती जबाबदारी शेल्बींकडे आली. गाडीचे नाव ठरले ‘जीटी ३५०’.

१४/
अडचण नियमांची होती. अमेरिकेतील ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या ‘बी-प्रॉडक्शन’ वर्गात उतरायचे तर १ जानेवारी १९६५ पर्यंत अशा १०० गाड्या तयार हव्या होत्या, आणि त्या दोन आसनी असणे आवश्यक होते. म्हणून मागचे आसन काढून टाकले गेले.

हातात वेळ थोडा आणि पैसा मोजका. पुढचे सस्पेन्शन नव्याने घडवणे शक्यच नव्हते. जे आहे त्यातूनच अधिकाधिक काढायचे, अशी स्थिती होती. या मर्यादेतूनच एक इंचाचा उपाय पुढे आला. तो सुचवणारे होते फोर्डमधील सस्पेन्शन अभियंते क्लाउस आर्निंग. त्यामुळे या बदलाला ‘शेल्बी ड्रॉप’ आणि ‘आर्निंग ड्रॉप’ अशी दोन्ही नावे आहेत.

१५/
आर्निंग यांच्यासमोरचा प्रश्न आकड्यांत मांडू. समजा, वेगात वळताना गाडीची बॉडी बाहेरच्या बाजूला ४ अंशांनी झुकली. सारा भार बाहेरच्या पुढच्या चाकावर येतो. सस्पेन्शनने काहीच केले नाही तर ते चाकही बॉडीबरोबर ४ अंश बाहेर कलेल आणि टायरच्या बाहेरच्या कडेवर उभे राहील.

त्याच वेळी ते चाक बॉडीच्या मानाने वर दाबले गेलेले असते. तेवढ्या दाबात भूमितीने चाकाचा माथा २ अंश आत ओढला तर कलणे २ अंशांवर येते. गाडी उभी असतानाच १ अंश ऋण कॅम्बर दिलेला असेल तर उरतो फक्त १ अंश. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच.

मूळ मस्टँगमध्ये मधली वजाबाकी फारच तोकडी होती. त्यामुळे बाहेरचा पुढचा टायर कडेवर चढे आणि गाडी सरळ निघून जाऊ पाही.

१६/
मग तो एक इंच. वरच्या आर्मचे आतले टोक खाली आणले की आर्म चाकाकडे चढता होतो. आतले टोक खाली, बाहेरचे वर. अशा चढत्या आर्मचे बाहेरचे टोक आणखी वर गेले की ते वर्तुळाच्या वाटेने आतही सरकते. आडव्या आर्मच्या बाबतीत हे आत सरकणे सुरुवातीला नगण्य असते.

दाराच्या कडीसारखी वर-खाली फिरणारी एक पट्टी डोळ्यांसमोर आणावी. ती आडवी असताना टोक थोडे उचलले तर ते जवळजवळ सरळ वर जाते. ती आधीच तिरपी असताना तेवढेच उचलले तर टोक वर जाता जाता भिंतीकडे येते. आर्निंग यांच्या बदलात इतकेच घडते. चाक दाबले गेले की त्याचा माथा आत येतो आणि वळणावर टायर रस्त्यावर अधिक सपाट टेकतो.

१७/
याच बदलाने आणखी दोन गोष्टी साधल्या. बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो पुढच्या बाजूला वर आला, त्यामुळे झुकणेही थोडे घटले. आणि स्प्रिंग वरच्या आर्मवर बसलेली असल्याने आर्म खाली येताच गाडीचे नाकही किंचित खाली आले.

वरचाच आर्म का निवडला, याचेही उत्तर भूमितीत आहे. स्टीअरिंगचा दांडा खालच्या आर्मजवळून जातो. दोघांची वाट जुळलेली नसेल तर चाक खड्ड्यात वर-खाली होताना आपोआप वळते, आणि चालकाने काही न करता गाडी बाजूला जाते. खालचा आर्म हलवला असता तर हा दोष बळावला असता. वरचा हलवल्याने ती जुळणी बऱ्याच अंशी शाबूत राहिली.

१८/
मग एकाऐवजी दोन इंच का नाहीत? चाक आणि आर्म यांना जोडणारा बॉल जॉइंट ठराविक कोनापर्यंतच वळतो. आर्म जास्त तिरपा केला आणि चाक पूर्ण खाली लटकले की हा सांधा अडकतो, आणि अडकलेला सांधा तुटू शकतो. वेगातल्या गाडीचा पुढचा सांधा तुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पुढे ज्यांनी एक इंचाहून अधिक खाली जायचे ठरवले, त्यांना सांध्याखाली पाचरीसारखा तुकडा घालून त्याचा कोन सुधारावा लागला.

शिवाय छिद्रे बदलली की जुने अलाइनमेंट निरर्थक ठरते. आर्म बसवल्यावर तिन्ही कोन नव्याने मोजून, चकत्या घालून बसवावे लागतात.

१९/
गाडीत इतर बदलही झाले. एक इंच जाडीचा अँटीरोल बार, कोनी कंपनीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्टीअरिंग जलद करणारे लांब आर्म आणि २७१ ऐवजी ३०६ अश्वशक्तीचे इंजिन. या गाडीच्या चाचण्यांत ब्रिटनमध्ये जन्मलेले चालक-अभियंते केन माइल्स यांचा मोठा वाटा होता.

१४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासमधील ग्रीन व्हॅली मैदानावर माइल्स यांनी जीटी ३५० ची पहिलीच शर्यत जिंकली. उंचवट्यावरून चारही चाके हवेत असलेल्या गाडीचे तिथले छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीचे बी-प्रॉडक्शन वर्गाचे राष्ट्रीय विजेतेपद जेरी टायटस यांनी याच गाडीत मिळवले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, एका नव्या शर्यतीच्या गाडीची चाचणी घेताना माइल्स यांचा अपघाती मृत्यू झाला.

२०/
विजय मिळाला, पण एक इंच टिकला नाही. जीटी ३५० ची किंमत साध्या मस्टँगच्या जवळपास दुप्पट होती. गाडी कडक आणि आवाजी असल्याची ग्राहकांची कुरकुर होती. त्यात प्रत्येक गाडीचे आर्म सोडवणे, छिद्रे पाडणे आणि पुन्हा बसवणे हे हाताने करण्याचे, वेळखाऊ काम. १९६६ च्या गाड्यांत काटकसर सुरू झाली आणि त्या वर्षाच्या ओघात आर्म खाली आणण्याचे काम बंद झाले. मागचे आसन पुन्हा मिळू लागले.

छिद्राची जागा कारखान्याच्या साच्यात मुळातच एक इंच खाली धरली असती तर वेगळे श्रम पडले नसते. उत्पादन सुरू झाल्यावर मात्र तोच इंच दर गाडीमागे मजुरी मागतो. आखणीच्या टेबलावर जे फुकट मिळते, ते नंतर महाग पडते.

२१/
याच वर्षी अमेरिकेत नेमकी उलट बाजू गाजत होती. ३० नोव्हेंबर १९६५ रोजी राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे पहिलेच प्रकरण होते शेव्हरले कॉर्व्हेअर या गाडीवर. तिच्या १९६० ते १९६३ च्या मॉडेलांत मागची चाके अशा आसावर होती की, जोरदार वळणावर चाक गाडीखाली मुडपले जाऊ शके. तेथेही प्रश्न कॅम्बरचाच होता, फक्त मागच्या चाकांच्या.

हा स्वभाव सौम्य करू शकणारा पुढचा अँटीरोल बार खर्च वाचवण्यासाठी गाळला गेला होता. १९६४ मध्ये तो बसवला गेला आणि १९६५ मध्ये मागची रचनाच बदलली. १९७२ च्या सरकारी अहवालाने ही गाडी तिच्या समकालीनांपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचा निर्वाळा दिला. पण तोवर, १९६६ मध्ये, अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झालेला होता. चाकाच्या कोनाची चर्चा अभियंत्यांच्या टेबलावरून संसदेपर्यंत पोचली होती.

२२/
दरम्यान जग दुसऱ्याच रचनेकडे वळत होते. अर्ल मॅक्फर्सन यांनी वरचा आर्मच काढून टाकला आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खांबालाच चाक धरायला लावले. १९५० साली ब्रिटनमध्ये जाहीर झालेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ही रचना होती. ती स्वस्त, हलकी आणि इंजिनाला जागा मोकळी ठेवणारी. म्हणून ती जगभर पसरली. १९७९ च्या मॉडेलपासून मस्टँगनेही तिचेच एक रूप स्वीकारले.

तिची उणीव अशी की वरचा आर्मच नसल्याने ‘आर्म खाली आणा’ हा उपाय उरत नाही. मग हौशी लोकांनी खांबाचे वरचे टोक आत-बाहेर सरकवणाऱ्या पट्ट्या बनवल्या. ‘कॅम्बर प्लेट’ म्हणतात त्या याच. त्यांनी उभ्या गाडीचा कोन बदलतो. चाक कलण्याची वाट मात्र बव्हंशी तशीच राहते.

२३/
भारतीय रस्त्यांनीही हे स्थित्यंतर पाहिले आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, विशबोन आणि कॉइल स्प्रिंगवर चाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिने कित्येक दशके जपले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने मॅक्फर्सन खांब घरोघरी पोचवला.

त्यामुळे आज बहुतेक छोट्या गाड्यांच्या अलाइनमेंटमध्ये प्रत्यक्षात फक्त टो बसवला जातो. कॅम्बर आणि कॅस्टर यंत्रावर दिसतात, पण अनेक गाड्यांत ते फिरवण्याची सोय कारखान्याने ठेवलेलीच नसते. ते आकडे बिघडलेले दिसले तर वाकलेला आर्म, झिजलेला बुश किंवा बसलेली स्प्रिंग शोधावी लागते.

२४/
या इतिहासाचा आजच्या हौसेशी थेट संबंध आहे. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून स्प्रिंग कापून ती खाली बसवण्याची पद्धत सर्वत्र आहे. मॅक्फर्सन खांबाच्या गाडीत असे केले की खालचा आर्म चाकाकडे चढता होतो. मग चाक आणखी दाबले गेले की आर्मचे बाहेरचे टोक, म्हणजे चाकाचा तळ, आत सरकतो आणि माथा त्या मानाने बाहेर राहतो. आर्निंग यांनी जे साधले त्याच्या बरोबर उलट.

गंमत अशी की त्यानंतर अलाइनमेंट केले तर आकडे हिरवे येऊ शकतात. उभी गाडी निर्दोष दिसते. दोष कळतो तो ओल्या घाटरस्त्याच्या वळणावर, जेव्हा बाहेरचा टायर कडेवर चढतो.

२५/
म्हणून १९६५ च्या त्या छिद्रांकडे पाहताना शर्यतीतील विजयाइतकीच त्यांच्यामागची रीत महत्त्वाची. आर्निंग यांनी आधी चाकाची पूर्ण वाट तपासली : दाबल्यावर ते कोठे जाते, लटकल्यावर सांधा किती वळतो, स्टीअरिंगचा दांडा कोणता वर्तुळखंड रेखतो. मग सर्वात कमी हलवून सर्वाधिक काय मिळेल ते ठरवले, आणि एक इंचावर थांबले.

जुन्या मस्टँगचे मालक आजही साच्याची पट्टी लावून तीच छिद्रे पाडतात. छिद्रे पाडून झाली की गाडी अलाइनमेंटला नेतात आणि तिन्ही कोन पहिल्यापासून बसवून घेतात.